एक नंबर मोठे

९ जून, सोमवार

डाव्या पायाची करंगळी काढली त्याला आज अकरा दिवस. टाके निघाले. सिस्टरने विचारलं, दुखतंय का काका? नाही म्हटलं. तर म्हणे, वा, धीराचे आहात. धीर कसला डोंबलाचा. कळतच नाही, तर दुखणार काय?

ती सकाळ डोक्यातून जात नाही. शनिवारी रात्री सु.ने (बायको) लादी पुसली होती. रविवारी मी दोस्त काशाच्या (काशिनाथ) होडीतून आलो, आंघोळ केली, जेवलो, झोपलो. सोमवारी सकाळी सु. ओरडली. मोरीपासून पलंगापर्यंत रक्ताचे ठसे. मी म्हटलं, शेजारची मांजर असेल. तिने माझा पाय धरून उलटा केला. तळव्यात गळ रुतलेला, अख्खा, वर मासळीचा तुकडा तसाच. रात्रभर तो पायात होता आणि मी घोरत होतो.

बाराव्या दिवशी करंगळी काळी पडली.

१४ जून, शनिवार

डॉ.नी आज डोळे मिटायला लावले. 'तळव्याला टोचलेलं कळलं की हो म्हणा.' मी डोळे मिटून वाट बघत बसलो, टोचतायत कधी. मग म्हणाले, झालं, उघडा. दहा ठिकाणी टोचून झालं होतं. उजव्याला दोनदा हो, डाव्याला एकदाही नाही. चित्र काढून समजावलं, साखरेने पायाच्या नसा मेल्यात.

त्यांच्या हातात बघतो तर तंगूस. आम्ही गळाला बांधतो तोच नायलॉनचा धागा, बोटभर, एका दांडीला अडकवलेला. तीस-पस्तीस वर्षं मी तंगूस बोटावर धरून बसलोय. खाली शेंगाळा आहे की ढोमा, ओढीवरून सांगायचो. त्याच तंगुसाने आज मला नापास केलं.

हुकूम असे: अनवाणी एक पाऊल नाही. घरातही चप्पल. रोज झोपताना आरशात तळवे बघायचे. चप्पल घट्ट नको, सैल तर मुळीच नको, घासून फोड येतो आणि मला कळणार नाही. विचारलं, होडीत? डॉ. लिहिता लिहिता म्हणाले, 'होडी विसरा काका.'

सु.ला होडीचं सांगितलं नाही. घरातल्या चपलेचं सांगितलं. तिने देव्हाऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. 'देव काय म्हणाचो नाय,' म्हणाली. संध्याकाळी नव्या रबरी सपाता आणून पलंगाखाली ठेवल्या. बहात्तर वर्षांत पहिल्यांदा घरात चप्पल घालून फिरतोय. दर पावलाला चोरासारखं वाटतं.

२२ जून, रविवार

काशा आला. वरळी कोळीवाड्यातून बसने, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. जूनमध्ये होड्या वर ओढलेल्या असतात, म्हणून त्याला वेळ. पलंगाच्या कडेला बसला. 'मास्तर, पाय दाखव.' बघितलं. 'करंगली गेली तं गेली. करंगलीनं काय होरी चालते?'

हा मला मास्तर म्हणतो, कारण मी गिरगावच्या छापखान्यात मुद्रितं तपासायचो. बहिणीच्या लग्नाची पत्रिका छापायला आला होता. त्यात मी आठ चुका काढल्या, त्यातल्या दोन त्याच्या स्वतःच्या नावात. दुसऱ्या रविवारी मला होडीत घेऊन गेला. तेव्हापासून पावसाळ्याचे दोन महिने आणि सु.चं बाळंतपण सोडून रविवार चुकला नाही.

डॉ. काय म्हणाले ते सांगितलं. काशा म्हणाला, होडीत पायताण नाही. मला काय ठाऊक नाही? 'होरी आयशी. आयशीच्या मांडीवर चपला घालून कोन बसतं?' कोणे काळी एक साहेब बूट घालून चढला होता, तर काशाच्या बापाने साहेब उतरेपर्यंत होडी सोडलीच नाही. ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीय आणि नव्याण्णवदा हसलोय.

म्हटलं, मग मी काय करू? म्हणाला, 'बंदरावर बस. मासा मी आनून देतो.'

करंगळी काढताना लागलं नव्हतं. हे लागलं.

सु.ने चहा दिला. कप कलंडला, उकळता चहा काशाच्या पावलावर. सु. किंचाळली. काशाने हूं की चूं केलं नाही, रुमालाने पुसला. 'कोल्याचा पाय हाय वैनी. कातड्याचा जोरा झालाय.' काय पाय आहेत लेकाचे! माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि मी आरशात तळवे बघत बसतो.

३ जुलै, गुरुवार

मी काही होडी विसरत नाही. पायात काय घालून जायचं, तेवढाच प्रश्न आहे. बाकी काशाला बघून घेईन.

मंजू (लेक, दादरची) अर्धी रजा टाकून आली, मला मस्जिद बंदरला नेलं. गमबूट. दुकानदार म्हणाला, 'काका, लाइफटाइम चलेगा.' कोणाचा लाइफटाइम ते विचारलं नाही.

घरी आणून सु.च्या धान्याच्या काट्यावर ठेवले. दोन किलोला जरा कमी. गॅलरीत चालून बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फदक फदक. परत येईपर्यंत दम लागला. काढून बघतो तर उजव्या घोट्यावर लाल पट्टा. कळलं नव्हतंच. डावा पाय बघायला नको वाटलं, तो सु.ने बघितला.

पोटमाळ्यावर गेले गमबूट.

११ जुलै, शुक्रवार

मंजूने मोबाइलवरून मागवलेलं आज आलं. त्याला वेडर म्हणतात. छातीपर्यंतची विजार, खाली बुटाला जोडलेली, वर खांद्यावर पट्टे. परदेशातले म्हातारे हे घालून नदीत उभे राहतात म्हणे. सु.च्या शालूपेक्षा हलकी.

खोक्यावरचं मराठी: 'हलके वजन मासेमारी छाती पायजमा. वृद्ध माणुस ला आनंदि करते.' लाल पेन काढलं आणि खोकं तपासून ठेवलं. एकूण अकरा चुका. बरं वाटलं.

घालून गॅलरीत उभा राहिलो. शेजारचे परब म्हणाले, 'काय काका, गटार उपसायला काय?' सु. पदर तोंडाला लावून हसली. मेपासून पहिल्यांदा. मी मुद्दाम आणखी एक फेरी मारली.

मग आत येऊन म्हणाली, 'पाय गेलो तरी चलात तुमका, पण होडी होयी.' हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. विजार घडी करून खोक्यात ठेवली.

१५ जुलै, मंगळवार

वरळीला गेलो, पिशवीत वेडर. ओहोटी लागली होती. काशाने विजार हातात घेतली, कापड ताणलं, हुंगलं. पायताण का विजार, हा वाद घालायची मी तयारी करून गेलो होतो. त्याने तो काढलाच नाही. 'ह्याच्यात पानी घुसलं तं?' एवढंच विचारलं. म्हटलं, का घुसेल? म्हणाला, 'बसून बघ.'

धक्क्याच्या पायऱ्यांपाशी कमरेएवढं पाणी. मी उतरलो, बसलो. छातीवरून पाणी आत गेलं, गार. पाण्यात असेपर्यंत काही वाटलं नाही, उलट मजा वाटली. मग उठून पायरी चढायला गेलो आणि पाय उचलेनात. दोन्ही. विजारीतलं सगळं पाणी माझ्याबरोबर वर यायला बघत होतं. एक लाट आली, तोंडात गेली. दुसरी आली. काशाने दंडाला धरून ओढलं, जमेना. शेवटी कमरेची सुरी काढून दोन्ही पट्टे कापले आणि मला विजारीतून सोलून काढलं.

पायरीवर दोघं धापा टाकत बसलो. 

'मास्तर, होरीतून परलास तं मी एकटा तुला वर कसा घेऊ? चौऱ्यात्तर झाली मला.'

मग त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. पायात काहीही असो, पाण्यात लाथ मारली की आपोआप निघालं पाहिजे. 'एक नंबर मोटा. मापाचा जो घालतो तो खाली जातो.' म्हणजे पायताणाला नाही म्हणणारा हा माणूस मला माप सांगत होता! मी मनातल्या मनात उडी मारली. पण लगेच म्हणाला, 'माज्या होरीत नाय हां. दुसऱ्या कोनाच्या होरीत गेलास तं म्हनून सांगतो.'

कोणाच्या होडीत जाणार मी?

अनवाणी का, याचं खरं कारणही आज बोलला. आयशीबियशी सगळं खरं, पण पायाला होडी कळते. इंजिन कण्हायला लागलं, फळीखाली पाणी शिरलं, तळाला वाळू लागली, सगळं आधी तळव्याला कळतं, डोळ्याला नंतर. 'पाय झाकलास की होरी मुकी.'

माझी होडी मुकीच आहे आता, झाकली काय नि उघडी काय.

१६ जुलै, बुधवार

सु.ला विजार फाटली म्हणून सांगितलं. कशी, ते नाही. कापलेले पट्टे तिने बघितले. ती शिवणकाम करणारी बाई आहे, फाटलेलं आणि कापलेलं तिला कळतं.

२४ जुलै, गुरुवार

दिव्याची अवस. सु.ने सगळे दिवे घासून पाटावर मांडले. मी दादरला गेलो एकटाच आणि मिळाले! पाण्यातले बूट. रबराचा पातळ तळ, वर जाळीचं कापड, पाणी आत येतं तसं बाहेर जातं. जोडी मिळून एका नारळाएवढीही जड नाही. माझा सात नंबर, आठ घेतले.

डॉ.ना दाखवायला गेलो. म्हणाले, सैल आहेत. म्हटलं, मुद्दाम. पाण्यात निघायला हवेत. 'समुद्रात पडणार आहात?' पडायचा विचार नाही. 'मग मापाचे घ्या.' आणि पडलो तर? डॉ.नी चष्मा काढला. म्हणाले, काका, सैल घालाल तर पाय जाईल, मापाचे घालाल तर तुम्ही जाल. मी सांगितलं होतं तेच सोपं होतं.

माणूस वाईट नाही. फक्त कधी गळ टाकलेला नाही.

३१ जुलै, गुरुवार

तोडगा सु.ने काढला. तिला मी विचारलंही नव्हतं. जाड सुती मोजा, उलटा करून घालायचा, म्हणजे शिवण बाहेर राहते, पायाला घासत नाही. मोज्याने एक नंबरची सैल भरून निघते. पाण्यात मोजा भिजला की बुळबुळीत होतो आणि बूट सुटतो.

मोरीत बादली भरून बघितलं. पाय आत घातला, लाथ मारली. निघाला की नाही कळेना. वाकून बघितलं तर बूट बादलीत तरंगत होता. पुन्हा केलं. पुन्हा वाकून बघावं लागलं. सात वेळा केलं, सातही वेळा निघाला, आणि सातही वेळा मला तो पायातच आहे असं वाटत होतं.

सु. मोरीच्या दाराशी उभी होती. 'जावा,' म्हणाली. 'घरात बसून तुमचो जीव जायत.'

२ ऑगस्ट, शनिवार

बूट घेऊन काशाकडे. त्याचं घर बोळाच्या टोकाला, दारातून पाणी दिसतं. सून वैशाली जाळ्यातला कचरा वेचत होती. काशाने बूट उलटेपालटे केले, आत हात घातला, मोजा ओढून बघितला. म्हणाला, वैनीनं डोकं लावलं.

मग बूट माझ्यापुढे ठेवले. मला हात जोडायचे होते. एवढ्या वर्षांच्या दोस्तापुढे हात जोडायची लाज वाटली, म्हणून नुसता बसून राहिलो.

'हे पायतान नाय,' तो एकदम म्हणाला.

'मग काय आहे?'

'डॉक्टरनं दिलंय ना?'

'डॉक्टरने नाही दिलं. मी—'

'डॉक्टरनं दिलंय ना, मास्तर?'

मला कळलं. हो म्हटलं.

'मंग पट्टी हाय ही. जखमेची पट्टी. पट्टी बांधून होरीत चढू नको असं माज्या बापानं बी कदी सांगितलं नाय.'

वैशाली खाली मान घालून हसली. काशा हसला नाही. बुटाला पट्टी म्हणायचं! आयुष्यभर लोकांचे चुकीचे शब्द खोडत आलो. हा एक राहू दिला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

नारळी पौर्णिमा. मी आणि सु. वरळीला. काशाने जरीची टोपी घातली होती, सोन्याचा मुलामा दिलेला नारळ हातात. दर्याला नारळ दिला. बाया नाचल्या. तापलेल्या काँक्रीटवरून सगळे चपला घालून पळत होते, काशा मात्र अनवाणी सावकाश चालत होता. सु. म्हणाली, ह्यांच्या पायाक चटकोच लागत नाय. नारळीभात दोनदा खाल्ला, साखरेचं बघून घेऊ.

दर्या अजून उधाणलेला, म्हणून सोमवारी जायचं ठरलं.

११ ऑगस्ट, सोमवार

आजच लिहायला हवं.

सकाळी सहाला ओहोटी. होडीपर्यंत दगडांतून चालत जावं लागतं, दगडांवर कालवांच्या शिंपल्या, सुरीसारख्या. मी माझ्या पट्ट्या घालून, काशाचा दंड धरून. तो अनवाणी. मला सांभाळत होता, बघून टाक, बघून टाक, म्हणत होता. स्वतः कुठे पाय टाकतोय ते बघत नव्हता. त्याला कधी बघावं लागलं नाही.

चढलो. इंजिन लागलं. समुद्रावरच्या पुलाचे खांब मागे टाकले आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं, खोटं कशाला बोलू. बसलो, तंगूस सोडला.

खाली बघतो तर फळीवर रक्त. पातळ, पाण्यात मिसळलेलं, होडी हलेल तसं इकडून तिकडे जाणारं. माझंच. दुसरं कोणाचं असणार? बूट काढला, उलटा मोजा काढला, तळवा वर केला. कोरडा. दुसरा काढला. कोरडा.

काशा मागे इंजिनाच्या दांड्याशी उभा. डाव्या पायाखालून येत होतं.

'काशा, पाय वर घे.'

'कनाला?'

'रक्त आहे.'

खाली बघितलं त्याने. 'माशाचं असंल.'

अजून एकही मासा लागला नव्हता.

त्याने पाय उचलला. टाचेपासून चवड्यापर्यंत चीर, आत पांढरं दिसत होतं. तो बघत राहिला. दुसऱ्या कोणाचा पाय बघावा तसा.

मी इंजिन बंद करायला लावलं. त्याला बसवलं, डोळे मीट म्हटलं. तंगुसाचा तुकडा तोडला, बोटभर. कळलं की हो म्हण. अंगठ्याला टोचलं, चवड्याला, टाचेला. उजव्यालाही. काशा डोळे मिटून, तोंड जरा उघडं ठेवून बसला होता. होडी हलत होती. शेवटी म्हणाला, 'टोच की मास्तर. वाट कसली बघतोस?'

माझं टोचून झालं होतं.

परतताना इंजिन त्यानेच हाकलं. पुलाच्या खांबाला किती जवळून गेलो ते मी बघितलं. पायाला होडी कळते म्हणणारा माणूस. किती वर्षं कळत नव्हती कोण जाणे.

उतरताना माझा हात धरून ठेवला. 'वैशालीला सांगू नको. सनाचे दिस हायेत. गनपती होऊंदे. तपासली साखर तं पोरं होरी विकायला लावतील.'

बरं म्हटलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

रोजनिशी मागे चाळली. २२ जून. उकळता चहा. 'काय पाय आहेत लेकाचे!' ८ ऑगस्ट. तापलेलं काँक्रीट. माझ्याच अक्षरात, माझ्याच वहीत. १४ जूनला मला हा रोग समजावून सांगितला होता, चित्र काढून. आठ दिवसांनी तोच रोग माझ्या पलंगावर बसून चहा प्यायला आणि मी त्याचं कौतुक लिहिलं.

आम्ही सगळेच तसे. कोळ्याचा पाय म्हटला की तो दगडाचा असायचाच. त्याला लागत नाही हे त्याच्या बापाचंही कौतुक, त्याचंही. आजारी आहे असं कोण म्हणेल?

लाल पेनने दोन्ही ओळींखाली रेघ मारली. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. काय उपयोग?

२४ ऑगस्ट, रविवार

गेल्या रविवारीही गेलो, आजही. काशाने पायाला फडकं गुंडाळलंय, आत हळद. 'आता माजी बी पट्टी,' म्हणाला. ढोमे चांगले मिळाले.

फडक्याला वास येतो. मासळीचा आहे असं दोघंही म्हणालो.

स्वतःशी तरी खरं लिहू. वैशालीला सांगायला एक फोन पुरे होता. तेरा दिवसांत केला नाही. दोस्ताला शब्द दिला म्हणून, हे निम्मं खरं. बोललो तर होडी बंद, आणि होडी बंद तर मी बंद, हे उरलेलं.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणेश चतुर्थी. खाली लालबागकडे जाणारी गर्दी हलत नाही. काशाला फोन केला. पाय कसा? 'हाय.' डॉक्टरकडे जातोस? 'गौरी जाऊंदे.' बरं म्हटलं. सु.ने विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं.

३ सप्टेंबर, बुधवार

वैशालीचा फोन. काल गौरी-गणपती विसर्जनाला बाबा गुडघाभर पाण्यात गेले, घरी येऊन पडले. ताप, बडबड. हॉस्पिटलात नेलं. फडकं सोडलं तेव्हा सिस्टर दोन पावलं मागे झाली. साखर इतकी की मशीनवर आकडाच येईना. 'काका, केव्हापासून आहे हे? तुम्ही तर बरोबर असता.'

नेटवर्क नाही असं म्हणालो. फोन ठेवला.

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी. सगळे रस्ते बंद, हॉस्पिटलात जाता येत नाही. सकाळपासून ढोल. खिडक्यांची तावदानं थरथरतायत. लादीही थरथरतेय, सु. म्हणते. मला कळत नाही.

सु.ला सगळं सांगितलं. रक्त, तंगूस, शब्द दिला तो, दोन रविवार. ती भांडेल असं वाटलं होतं. ती नुसतं म्हणाली, 'माझ्या लादीवर रक्त दिसला म्हणून तुम्ही वाचलात. तेका कोण होता बघूक?'

सासू-सासऱ्यांची सेवा, माझी साखर, माझा पाय, सगळं सु. बघत आली. काशाची बायको जाऊन नऊ वर्षं झाली. होडीत मीच होतो बघायला.

७ सप्टेंबर, रविवार

हॉस्पिटल. काशा झोपलेला. पॅसेजमध्ये वैशालीला सांगितलं, तारखेसकट. ऐकून घेतलं तिने. ओरडली असती तर बरं झालं असतं. 'तुमचा पाय जपायला बाबांनी एवढं केलं,' म्हणाली आणि आत गेली.

डॉक्टर म्हणतात, डावा घोट्याच्या वर काढावा लागेल. उशीर केला तर गुडघ्याच्या वर. काशा सही करत नाही. मुलालाही करू देत नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी दादर. तेच दुकान, तेच बूट. सु. म्हणाली, पितृपंधरवड्यात नवी खरेदी करतंत काय कोण? म्हटलं, ही खरेदी नाही, पट्टी आहे. तिने उलटे केलेले दोन मोजे पिशवीत टाकले.

काशा जागा होता. उतरलेला, दाढी वाढलेली. चादरीच्या एका बाजूला पाय, दुसऱ्या बाजूला कापसाचं आणि पट्ट्यांचं गाठोडं. वैशाली खुर्चीतून उठून बाहेर गेली, माझ्याकडे न बघता.

म्हटलं, काशा, मी चुकलो. म्हणाला, 'तू कसला चुकतोस? मास्तर हायेस.' हे त्याने चिडून म्हटलं की काय, कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

खोकं उघडून मांडीवर ठेवलं. 'किती नंबर?'

'नऊ.'

'माजा आट.'

'एक नंबर मोठा. पाण्यात लाथ मारली की निघायला.'

तो तळाचं रबर अंगठ्याने दाबत राहिला. शेजारच्या खाटेवरचा माणूस बघत होता. सिस्टर आली, म्हणाली, बाबा, उद्या सकाळी आठला डॉक्टर येतील, तोवर कागदाचं ठरवा. गेली.

काशा म्हणाला, घाल. मी खाली बसलो. बहात्तराव्या वर्षी खाली बसायला जितका वेळ लागतो तितका लागला. उजव्या पायात मोजा चढवला, शिवण बाहेर आहे ना बघितलं, बूट चढवला. बोट घालून मागची सैल तपासली. बरोबर होता.

दुसरा मी खोक्यातून काढला आणि नुसता धरून राहिलो. कुठे ठेवू कळेना. काशाने तो हातातून घेतला, उशीखाली सारला.

'ह्याचं उद्या सांगतो,' म्हणाला.

घरी आलो. सु. दारातच होती. 'बूट झाले त्यांका?'

'एक झाला,' म्हटलं.